क्यूबसाठी ४१२ कार्डं निवडून झालीत, ठेवायची ३६०. काय काढू?

शनिवारचा_डाव (धागाकर्ता) | रवि, रात्री १२.२०

मंडळी, झोप येत नाहीये म्हणून धागा काढतोय.

आम्ही सहा-सात जण दर शनिवारी कोथरूडला माझ्या घरी 'मॅजिक : द गॅदरिंग' खेळतो. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने काढलेला पत्त्यांचा खेळ. जमिनीच्या कार्डांतून 'माना' मिळतो, तो मोजून क्रीचर (लढणारे प्राणी) आणि मंत्र खेळायचे आणि समोरच्याचे २० गुण शून्यावर आणायचे. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग, प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

यातला 'ड्राफ्ट' हा प्रकार आम्हाला सगळ्यात आवडतो. १५ कार्डांचा पुडा उघडायचा, एक ठेवायचं, बाकीचा डावीकडच्याला सरकवायचा. दुसरा पुडा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे. हाती आलेल्या ४५ मधली साधारण २३ घ्यायची, १७ जमिनी घालायच्या, ४० चा गठ्ठा तयार. पण दर वेळी नवे पुडे घेणं परवडत नाही. म्हणून आता स्वतःचा 'क्यूब' बांधतोय, म्हणजे आपणच निवडलेल्या कार्डांचा कायमचा डबा. खेळून झालं की सगळं परत डब्यात. आठ जणांना प्रत्येकी ४५, म्हणून ३६०.

गेले दोन महिने जुने खोके उपसून ४१२ पर्यंत आलोय. बहुतेक कॉमन आणि अनकॉमन, म्हणजे पुड्यांत सहज सापडणारी, महागडं काही नाही. एका कार्डाची एकच प्रत. आता हात चालत नाही. प्रत्येक कार्ड म्हणजे घरचंच पोर वाटतं.

काल कच्चा ड्राफ्ट करून बघितला. एकाच्या हाती 'कॅपसाइझ' लागलं. टेबलावरचं कुठलंही कार्ड मालकाच्या हातात परत पाठवायचं, आणि वर तीन माना जास्तीचे मोजले की कॅपसाइझ स्वतःही तुमच्याच हातात परत. सहा माना झाल्यावर त्याने दर पाळीला समोरच्याची एक जमीन उचलून हातात द्यायला सुरुवात केली. डाव दीड तास चालला. समोरचा शेवटी उठून पोहे करायला गेला आणि कांदा चिरता चिरता तिथूनच ओरडला, "हरलो रे, जिंकलास तू!"

तर, काय काढू?

रिकामटेकडा | रवि, सकाळी ७.०५

शीर्षक वाचून वाटलं मॅगी मसाल्याचा क्यूब. निराश होऊन चहा प्यायला गेलो.

मेंढीकोट_मास्टर | रवि, सकाळी ७.४०

४१२ वजा ३६० म्हणजे ५२. म्हणजे बरोबर एक कॅट! काढलेल्या पानांवर मार्करने इस्पिक, बदाम, चौकट, किलवर लिहा आणि मेंढीकोट खेळा. जगातली सगळी दुःखं मिटतील.

भुईचाफा | रवि, सकाळी ९.१५

तीन क्यूब बांधून दोन मोडलेली बाई बोलतेय, म्हणून जरा लांबण लावते.

एकेक कार्ड हातात घेऊन 'हे चांगलं की वाईट' असं विचारत बसलात तर दिवाळीपर्यंत संपणार नाही, कारण ४१२ ची ४१२ चांगलीच असणार. वाईट असती तर खोक्यातून वर आलीच नसती. त्यापेक्षा 'याचे सोबती किती?' हे विचारा.

उदाहरण देते. काळ्या रंगात बळीची खेळी ठेवली असेलच. 'व्हिसेरा सीअर' आपल्याच क्रीचरचा बळी घेतो, 'ब्लड आर्टिस्ट' प्रत्येक मरणाला समोरच्याचा एक गुण खातो. दोन्ही छान. पण अशी कार्डं ३६० मध्ये समजा १२ आहेत. तुम्ही बसता सहा जण, म्हणजे वाटली जातात २७०. बारातली सरासरी नऊच टेबलावर येणार. त्यातली दोन-तीन दुसरा कुणीतरी सहज उचलणार. तुमच्या हाती पाच लागली तर नशीब. पाच कार्डांवर खेळी उभी राहत नाही, सात-आठ तरी हवीत. म्हणजे एकतर १२ ची २० करा, नाहीतर बाराच्या बारा काढून टाका. मधल्या मध्ये ठेवलीत तर ज्याने पहिल्या पुड्यात ब्लड आर्टिस्ट घेतलं त्याची फसवणूक होते.

दोनच विशिष्ट कार्डं जुळली तर जमणारी जोडी असेल तर आणखी वाईट. सहा जणांत ती दोन्ही त्या दिवशी वाटली जाण्याची शक्यता ५६ टक्के, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागण्याची त्याहून कितीतरी कमी. अशा जोड्या आधी काढा. पाच-सहा कार्डं तिथेच सुटतील.

डोंगरवेडा | रवि, सकाळी १०.०२

ताई, हे सगळं ठीक, पण असं मोजूनमापून केलं की क्यूबचं सरकारी टेंडर होतं. मी आमच्या ग्रुपमध्ये सरळ नियम केला: सगळ्यात दणकट ३६०. पुडा उघडला की तोंडात 'आईशप्पथ' आलं पाहिजे. सोल रिंग आहे का तुमच्याकडे? नसेल तर घाला. एक माना मोजायचा आणि दर पाळीला दोन मिळवायचे. याहून मजा कशात आहे?

पूर्वा_क | रवि, सकाळी १०.३०

मजा ज्याच्या हाती सोल रिंग आली त्याची. :)

आमच्याकडे होती. पहिल्या पाळीला आली की दुसऱ्या पाळीला चार माना. बाकीच्यांकडे दोन. शिवाय बिनरंगी, कुठल्याही गठ्ठ्यात बसते, त्यामुळे उचलताना डोकंच लावावं लागत नाही. पुड्यात दिसली की घ्यायची. ड्राफ्टमधली गंमतच ही की हे घेऊ की ते, यात जीव खालीवर व्हावा. सोल रिंगसारखं कार्ड तो प्रश्नच संपवून टाकतं. सहा महिन्यांनी काढली, कुणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. जो कायम जिंकायचा त्याला वाटलं, त्याला वाटू दे.

डोंगरवेडा | रवि, सकाळी १०.४१

तो मीच होतो का? नाव घ्या, घाबरू नका.

शनिवारचा_डाव | रवि, दुपारी १२.१०

सोल रिंग आहे, पण बाजूला ठेवली. पूर्वाशी सहमत. डोंगरवेडा, तुझा क्यूब खेळायला यायला आवडेल, पण आमच्यात दोघं अगदी नवे आहेत, ते तिसऱ्या पाळीला मेले तर चौथ्या शनिवारी येणार नाहीत.

भुईचाफाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मोजलं. बळीची १४ आहेत. स्मशानातून, म्हणजे मेलेल्या कार्डांच्या ढिगातून, क्रीचर उठवायची खेळी आहे, तिची नऊ. दुसरीवर बहुतेक गदा येणार. रंगांचं गणित असं मांडलंय: प्रत्येक रंगाची ५० म्हणजे २५०, दुरंगी दहा जोड्यांची चार-चार म्हणजे ४०, बिनरंगी ३०, जमिनी ४०. बरोबर वाटतंय का?

सिएटलचा_पाऊस | रवि, रात्री ९.५५

(इथे आता सकाळ आहे.) गणित बरोबर आहे, पण जमिनींच्या ४० ला हात लावू नका. नवीन माणूस क्यूब बांधताना पहिली कात्री जमिनींवर चालवतो, कारण त्या दिसायला कंटाळवाण्या. मग दोन रंगांचा गठ्ठासुद्धा अडखळतो, हातात लाल कार्डं आणि टेबलावर सगळी जंगलं, म्हणजे हिरव्याच्या जमिनी. दुरंगी जमिनी भरपूर असल्या की माणसं बिनधास्त दुसऱ्या रंगात उडी मारतात आणि ड्राफ्टला रंग चढतो. 'इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स'च्या (हवी ती साधी जमीन शोधून देणारी जमीन) तर तीन प्रती घाला. एकच प्रत हा नियम देवाने केलेला नाही.

कॅपसाइझबद्दल. हे कार्ड १९९७ पासून लोकांचा छळ करतंय, तुमचे पोहे पहिले नाहीत. मी रेंटनपासून अर्ध्या तासावर राहतो, म्हणजे खेळ काढणाऱ्या कंपनीच्या अंगणातच. आम्ही चार-पाच मराठी घरं महिन्यातून एकदा जमतो आणि आमच्या क्यूबला एकच नियम आहे: समोरच्याला खेळूच न देणारं कार्ड नको. हरवा, पण हरताना त्याला काहीतरी करता आलं पाहिजे. कॅपसाइझ त्यात पहिलं गेलं.

'पेस्टिलन्स' आहे का? आहे असं गृहीत धरतो, कारण तेही कॉमनच. काळा एक माना मोजला की सगळ्या क्रीचरना आणि दोन्ही खेळाडूंना एकेक मार. पाहिजे तितक्या वेळा. पाळीअखेर टेबलावर एकही क्रीचर उरलं नसेल तरच ते जातं. एक जाड कातडीचं क्रीचर मागे उभं केलं की समोरच्याचं अंगण साफ. कॉमनच्या क्यूबमध्ये याच्याइतकं भारी कार्ड क्वचित.

पूर्वा_क | रवि, रात्री १०.२०

पेस्टिलन्सला माझं मत 'राहू द्या'. फरक असा की ते खेळणाऱ्यालाही मारतं. त्याला स्वतःच्या गुणांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि डाव लांबत नाही, लवकर मिटतो. कॅपसाइझ डाव मिटवत नाही, नुसता कुजवतं.

चिंगीची_आई | सोम, दुपारी २.१५

मी खेळणारी नव्हते. नवरा आणि अकरा वर्षांची मुलगी खेळतात म्हणून शिकले. नवख्या माणसाच्या बाजूने एक सांगते.

कार्ड टेबलाच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे. आमच्या डब्यात काही कार्डांवर इतका मजकूर आहे की विम्याची पॉलिसी वाचल्यासारखं वाटतं. समोर अशी चार ठेवली की मी प्रत्येक पाळीला "हे काय करतं गं?" विचारते, मुलगी सुस्कारा टाकते, आणि पाचव्यांदा विचारायची लाज वाटून मी चुकीचा हल्ला करते. याउलट 'लायटनिंग बोल्ट': एक लाल माना, तीन मार. संपलं. 'लॅनोवार एल्व्ह्ज': हिरवा एक द्या, पुढच्या पाळीपासून हिरवा एक घ्या. अशी कार्डं मला आवडतात आणि मुलगी म्हणते तीच मला जास्त वेळा हरवतात.

५२ काढायचीच आहेत तर सारखंच काम करणाऱ्या दोघांतलं जास्त मजकुराचं काढा.

भुईचाफा | सोम, दुपारी ३.००

चिंगीची आई, हे मी तिसरा क्यूब बांधेपर्यंत मला कळलं नव्हतं. दंडवत.

इनामदारवाडा | सोम, संध्याकाळी ६.३०

'काउंटरस्पेल' काढणार का? समोरच्याने खेळलेलं कार्ड तिथल्या तिथे रद्द करणारं ते. माझ्या धाकट्या भावाने पहिल्याच दिवशी ते खाल्लं. पाच पाळ्या थांबून मोठ्ठा ड्रॅगन खेळला आणि समोरचा म्हणाला "नाही." भाऊ म्हणाला, "नाही म्हणजे? मी ठेवला ना खाली!" तो परत आला नाही. आता बुद्धिबळ खेळतो.

डोंगरवेडा | सोम, संध्याकाळी ६.५०

बुद्धिबळात तर राजाच अडकवतात, तिथे चालतं त्याला?

निळ्यातून काउंटरस्पेल काढलं तर निळ्यात उरतं काय, मासे? समोरच्याने दोन निळ्या जमिनी न वापरता उभ्या ठेवून पाळी सोडली की समजून जायचं, काहीतरी शिजतंय. आधी एक फालतू मंत्र टाकून बघायचा. हे शिकण्यातच खेळ आहे.

पूर्वा_क | सोम, संध्याकाळी ७.१५

मधला रस्ता: 'मॅना लीक'. समोरच्याने तीन माना जास्त मोजले तर कार्ड वाचतं, नाहीतर गेलं. सुरुवातीला काउंटरस्पेलइतकंच कडक, नंतर सुटायला वाव. नवख्यालाही निदान पुढच्या वेळी तीन माना राखून ठेवायची अक्कल येते. दोन्ही असतील तर दोन्ही ठेवा, पण असली 'नाही' म्हणणारी कार्डं चार-पाचच्या वर नकोत.

मेंढीकोट_मास्टर | सोम, रात्री ९.०५

अवांतर: हे सगळं वाचून लहानपणची कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं आठवली. उंची, वजन, छाती. अंडरटेकर ज्याच्याकडे तो वर्गाचा राजा. माझा एक अंडरटेकर दहावीच्या दप्तरातून चोरीला गेला. संशयित आज बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी विसरलेलो नाही.

कुडाळचो_झील | सोम, रात्री ९.४०

अवांतरात माझीही भर. आमच्या सावंतवाडीची गंजिफा बघितलीत का कुणी? गोल पानं, हाताने रंगवलेली. दशावतारी गंजिफा १२० पानांची: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. त्यात गंमत अशी की निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा. म्हणजे हातात मत्स्य आहे की राम हे बघूनच पानाची किंमत ठरते. रंगागणिक स्वभाव बदलणं गारफिल्डसाहेबांच्या कितीतरी आधी आमच्याकडे होतं, एवढंच सांगायचंय. राजवाड्यात अजून कारागीर बसून रंगवतात.

रिकामटेकडा | सोम, रात्री ९.४६

झालं, धागा सिंधुदुर्गात पोचला. आता मासे आणि सोलकढी येणार.

कुडाळचो_झील | सोम, रात्री ९.५०

सोलकढी कार्डांपासून लांब ठेवा. तो डाग जात नाही, अनुभव आहे. आणि धागाकर्ते, यादीत फॉइलची चकचकीत कार्डं असतील तर साधी प्रत शोधा. आमच्याकडे जूनमध्ये फॉइल पापडासारखं वळतं. दुहेरी कव्हर घातलं तरी गठ्ठ्यात कडेला उठून दिसतं आणि पुढचं कार्ड कुठलं ते सगळ्यांना कळतं. कव्हरंही एकदमच घ्या, ३६० अधिक साध्या जमिनी अधिक फाटतील म्हणून पन्नास. मी दोन वेळा मिळून काळी घेतली, दुसरी खेप किंचित निळसर निघाली. आता आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे की निळसर पाठ म्हणजे नंतर घातलेलं भारी कार्ड.

एकटाच_टायगर | मंगळ, सकाळी ८.३०

आठ जण, सहा जण... नशीबवान आहात. आम्ही नवरा-बायको दोघंच. आमच्यासाठी कुणी काही सांगेल का?

भुईचाफा | मंगळ, सकाळी ९.१०

विन्स्टन ड्राफ्ट करा, तोही गारफिल्डचाच. ९० कार्डं पिसून पालथी ठेवा, बाजूला एकेका कार्डाच्या तीन ढिगल्या. पहिली ढिगली उचलून बघायची. पटली तर घ्यायची आणि तिथे गठ्ठ्यातलं एक नवं ठेवायचं. नाही पटली तर ती तशीच ठेवून वर एक कार्ड टाकायचं आणि दुसरी बघायची. तिसरीही नाकारली तर गठ्ठ्यावरचं कार्ड न बघता घ्यावं लागतं. नाकारलेली ढिगली फुगत जाते आणि बायकोच्या हाती लागते. संसारासारखंच.

एकटाच_टायगर | मंगळ, सकाळी ९.२५

बायकोने वाचलं. म्हणाली, "फुगलेली ढिगली आवरतं कोण?"

सिएटलचा_पाऊस | मंगळ, रात्री १०.३०

धागाकर्ते, एक राहिलंच. प्रत्येक रंगाची कार्डं किमतीप्रमाणे टेबलावर रांगेत मांडून बघा. एक मानाची, दोनची, तीनची, अशी. पाच आणि वरच्यांची रांग लांब दिसली तर तिथेच कात्री. मोठी कार्डं बघताना भारी वाटतात म्हणून आपण जमवत राहतो, पण ४० च्या गठ्ठ्यात ती तीन-चारच मावतात.

शनिवारचा_डाव | शुक्र, रात्री ११.५०

तीन रात्री जमिनीवर कार्डं पसरून बसलो होतो. आई येऊन म्हणाली, "हे काय, वाळवण घातलंयस?"

सिएटलच्या पावसाचं ऐकून रांगा लावल्या आणि चोरी पकडली गेली. निळ्यात पाच आणि वरची ११ होती! सहा काढली. 'मलड्रिफ्टर' ठेवलं, कारण पाच माना नसतील तर तीन मोजूनही दोन कार्डं ओढता येतात. स्मशानवाली खेळी नऊच्या नऊ काढली. बळीची १४ ची १९ केली, त्यासाठी काळ्यातून आणि लालमधून नुसतीच दांडगी पाच काढली. जोड्यांतली सात गेली. फॉइल तीन होती, त्यातल्या एकाचीच साधी प्रत मिळाली, दोन गेली. कॅपसाइझ गेलं. सोल रिंग बाहेरच. पेस्टिलन्स राहिलं, काउंटरस्पेल राहिलं, मॅना लीकही.

हिरव्यात एक उडणारं क्रीचर घालायचा मोह होत होता, कारण हिरवा खेळणारा आमचा मित्र सारखा रडतो की वरून मार बसतो. नाही घातलं. त्याऐवजी 'जायंट स्पायडर' घातला, उडणाऱ्याला अडवतो पण स्वतः उडत नाही. हिरव्याला पंख दिले तर मग पांढऱ्या-निळ्याकडे काय राहणार?

सगळ्यात जास्त वेळ 'पॅसिफिझम'वर गेला. क्रीचरवर ठेवलं की ते ना हल्ला करतं ना अडवतं, दोन मानांत काम तमाम. पण क्रीचर टेबलावरच राहतं, आणि बळीवाला हसत हसत तेच व्हिसेरा सीअरला खाऊ घालतो. म्हणजे आता १९ बळीची कार्डं असताना हे कमजोर झालं. आधी म्हटलं काढू. मग चिंगीच्या आईचं आठवलं: एक ओळ मजकूर, वाचता येतं. आणि ज्याने ड्राफ्टमध्ये शेजाऱ्याला काळी कार्डं उचलताना बघितलंय त्याला कळेल की आज हे घ्यायचं नाही. ठेवलं.

चिंगीच्या आईच्याच नियमाने पॉलिसीवाली २० गेली. आता एकूण ३६८. आठ उरलीत.

डोंगरवेडा | शनि, सकाळी ७.३०

आठ जमिनी काढ. (पळतो.)

पूर्वा_क | शनि, सकाळी ८.००

आठ शिल्लक ठेवूनच आज खेळा. पुडे झाल्यावर रात्री प्रत्येकाला विचारा, शेवटपर्यंत फिरत राहिलेलं, कुणीच न घेतलेलं कार्ड कुठलं. पंधराव्या हाताला तेच तेच येत असेल तर ते स्वतःच सांगतंय.

शनिवारचा_डाव | रवि, रात्री १.१०

विचारलं. पाच सर्वानुमते गेली. दोन मी काढली. आठवं कार्ड म्हणजे एक साधा चार मानाचा बैल, तीन वर्षांत कुणी खेळलेला नाही, शेवटच्या हाताला नव्या मुलीकडे आला. ती म्हणाली, "हा काढायचा नाही, याचे डोळे बघा." खेळली, त्याच बैलाने शेवटचे तीन गुण घेऊन मला हरवलं.

म्हणून सध्या ३६१ आहेत.

मेंढीकोट_मास्टर | रवि, सकाळी ७.१५

आणि बाहेर ५१. एक पान कमी! आता मी मेंढीकोट कसा खेळू?